स्थलांतरित शेतमजुरांमधील कायदेविषयक जागृती (खानदेश)

हंगामापुरते किंवा सालभरासाठी गाव सोडून कामाला जाणाऱ्या मजुरांना मजुरी, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), अपघाताची भरपाई, रेशन व मुलांची शाळा यांविषयीचे कायदे त्यांच्या बोलीत सांगणे आणि दाद मागायला सोबत करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. खानदेशात ते आधी मजूर संघटनांनी केले. सरकारी विधी सेवा यंत्रणा नंतर आली.

खानदेश मजूर पाठवतो आणि बोलावतोही. साक्री, नवापूर, शहादा, तळोदा, धडगाव या तालुक्यांतले भिल्ल, पावरा व कोकणा मजूर ऊसतोडीसाठी सुरत-बारडोली पट्ट्यात जातात. चाळीसगावकडील बंजारा तांड्यांवरच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर जातात. उलट रावेर, यावल, चोपडा, जळगाव या केळी-कापसाच्या पट्ट्यात सातपुड्यातले पावरा आणि मध्य प्रदेशातील बडवानी, खरगोन जिल्ह्यांतले बारेला मजूर येतात. मजूर पावरी, बारेली, भिल्ली किंवा गोरबोली बोलतो; शेतमालक लेवा गणबोली किंवा अहिराणी; न्यायालयाचे कागद मराठीत, कायदा मुळात इंग्रजीत. एवढ्या पायऱ्या ओलांडून माहिती मजुरापर्यंत पोहोचायची असते.

असोदा : जळगाव शहरालगतचे, याच शेतीपट्ट्यातील गाव (ता. जळगाव). कवयित्री बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांचे जन्मगाव. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी बाईच्या तोंडची रचना इतरांनी टिपून घेतल्यामुळे 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली. बोलून सांगितलेले ज्ञान या प्रदेशात किती खोल रुजते याचा हा मोठाच पुरावा आहे. कायद्याच्या प्रसारात पत्रकांपेक्षा बोलणे आणि गाणे अधिक उपयोगी पडले, यात त्यामुळे नवल नाही.

सालदारी व शहाद्याची चळवळ : सालदाराचे (सालभरासाठी ठेवलेल्या मजुराचे) साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते आणि पुढच्या आखाजीला फिटते. ठरलेल्या रकमेतला मोठा भाग लग्न, आजारपण वा जुने देणे यांसाठी आधीच उचललेला असतो. कामाला तासांची मर्यादा नसते. पडलेला खाडा मालक मांडतो, जादा काम कोणी मांडत नाही. या व्यवहाराला पहिला संघटित प्रश्न शहादा-तळोदा भागात विचारला गेला (हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला). 1971 मध्ये पाटीलवाडी येथे आदिवासींवर हल्ला झाला. त्याची मालकवर्गाने सांगितलेली आणि आदिवासींनी सांगितलेली हकिगत जुळत नाही. मात्र त्यानंतर सर्वोदयी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती (अंबरसिंग महाराज) यांच्याभोवती लोक एकवटले आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर, वाहरू सोनवणे आदी कार्यकर्ते तिच्यात घडले. गहाण व हिरावलेल्या जमिनी, सालदाराचे वेतन, किमान मजुरी आणि रोजगार हमीची कामे हे तिचे विषय होते.

संघटनेने कायदा शिकवला तो शिबिरांतून. किमान वेतन अधिनियम 1948 चा दर सांगायचा, मग शिबिराला आलेल्यांनी आपापल्या मालकाकडून मिळणारी रक्कम सांगायची, आणि दोहोंतला फरक सर्वांसमोर मोजायचा, ही पद्धत साधी होती आणि फार परिणामकारक होती. स्त्रिया या शिबिरांत बोलू लागल्या आणि दारूबंदीची मोहीम त्यांनीच पुढे नेली. अंबरसिंग 1974 मध्ये वारले. त्यांच्यानंतरचे मतभेद व फाटाफूट हा येथील विषय नाही.

मुकादमाची वही : ऊसतोडीत टोळी मुकादम या मध्यस्थामार्फत ठरते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा उचल वाटली जाते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हिशेब नवऱ्याच्या नावाने होतो, बाईचे नाव कोणत्याच कागदावर येत नाही. वहीत एका बाजूला उचल, तिच्याखाली मधूनमधून घेतलेली खर्ची (गुजरातेत खावटीचे धान्य), दुसऱ्या बाजूला तोडलेला ऊस टनांत. वजन काट्यावर होते, मजूर तेव्हा उसाच्या फडात असतो. हंगामाच्या शेवटी उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या सालावर चढते. बारडोलीतील खानदेशी टोळ्यांच्या या स्थितीवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1978 मध्ये सविस्तर लेख लिहिला.

कायदेविषयक कामाचा कस याच वहीवर लागतो. मजुराला दर ठाऊक असला आणि त्याच्याजवळ स्वतःची नोंद नसली, तर अर्ज उभा राहत नाही. म्हणून अनुभवी कार्यकर्ते कलमे सांगण्याआधी मजुराच्या घरातल्या शाळकरी मुलाला रोजची नोंद ठेवायला शिकवतात: तारीख, फड, खेपा, घेतलेली खर्ची.

वेळेचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. राष्ट्रीय विधी सेवा दिन 9 नोव्हेंबरला असतो आणि त्या सुमारास शिबिरे भरतात. तोवर ऊसतोड मजुरांच्या पाड्यांवर म्हातारी माणसे व लहान मुले उरलेली असतात. उचल घेण्याआधी, म्हणजे आषाढ-श्रावणात, सांगितलेला कायदा कामाला येतो. सालदारांच्या बाबतीत 1 मेचा कामगार दिन आखाजीच्या आसपास येतो, आणि ती संधी घेण्यासारखी आहे.

आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, 1979 : ठेकेदारामार्फत परराज्यातून आणलेल्या पाच किंवा अधिक कामगारांना लागू होता. प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक देणे, त्यात कामाचे ठिकाण, दर व दिलेली आगाऊ रक्कम लिहिणे, आणि कामगाराची भाषा हिंदी वा इंग्रजी नसल्यास ती माहिती त्याच्या भाषेतही देणे ठेकेदारावर बंधनकारक होते. शिवाय मासिक वेतनाच्या निम्मा किंवा 75 रुपये, यांपैकी जास्त असेल तो विस्थापन भत्ता आणि येण्या-जाण्याचा खर्च. बारेलीत छापलेले पासबुक केळीच्या बागेत दिसले असते तर ती या प्रदेशातली मोठी गोष्ट ठरली असती.

सातपुड्यात या कायद्याची अडचण वेगळीच होती. नात्यागोत्याने एक असलेल्या दोन कुटुंबांपैकी मध्य प्रदेशातील सेंधव्याकडून आलेले ‘आंतरराज्य’ आणि चोपड्याच्या डोंगरातून आलेले नाही. दोघे एकाच बागेत घड वाहतात. मजूर थेट शेतकऱ्याकडे आला असेल, मध्ये ठेकेदार नसेल, तर सेंधव्याकडचाही कायद्याच्या बाहेरच. 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1979 चा कायदा व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. आपणहून आलेल्या मजुराला आता व्याख्येत जागा आहे, पण कामगारसंख्येची मर्यादा पाचावरून दहावर गेली.

वेठबिगारी : वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 नुसार वेठीचे कर्ज आपोआप रद्द होते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत करून घेतलेले काम म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद 23 खालील सक्तीचे श्रम, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड मजुरांच्या प्रकरणात (पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स) म्हटले. मजुराला हवा असतो तो जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा मुक्ती दाखला. पुनर्वसनाची मदत त्यावर अवलंबून आहे.

अपघात व भरपाई : फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटून रावेर भागातील किमान 15 मजूर ठार झाले. माल भरून झाल्यावर मजुरांनी त्याच मालावर बसून घरी परतायचे, ही केळी-पपईच्या व्यापारातली रोजची रीत आहे. कायद्याने ती फार महाग पडते. मालवाहू गाडीतून फुकट बसून जाणाऱ्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या प्रकरणात दिला. मृत व्यक्ती भराई-उतराईच्या कामावर होती की नुसती बसून चालली होती, यावर दाव्याचे बरेचसे भवितव्य ठरते. पोलिसांच्या पहिल्या जबाबात ‘मजूर’ ऐवजी ‘प्रवासी’ लिहिले गेले तर विधवेला पुढे अनेक वर्षे त्या एका शब्दाशी झगडावे लागते. दवाखान्यात, शवविच्छेदनाच्या दारात, जबाब देणाऱ्या नातेवाइकाजवळ भाषा जाणणारा माणूस असणे हे या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम आहे. या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे ती त्यासाठीच.

विधी सेवा प्राधिकरण : 1987 चा अधिनियम, अंमल 9 नोव्हेंबर 1995 पासून. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले व वेठीचे बळी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील. राष्ट्रीय मदतवाहिनी 15100. तालुका समित्यांमार्फत विधी स्वयंसेवक नेमले जातात. पावरी-भिल्ली बोलणारे स्वयंसेवक जेथे आहेत तेथे मजूर बोलू लागतात.

करोना काळातील टाळेबंदी : 8 मे 2020 रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेले मध्य प्रदेशचे 16 मजूर मालगाडीखाली मरण पावले. ते जालन्याहून चालत निघाले होते आणि गाडी मिळेल या आशेने भुसावळ गाठू पाहत होते. गाडी कोणती, परवाना कुठे, नोंदणी कशी, हे त्यांच्या भाषेत सांगणारी व्यवस्था त्या आठवड्यांत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरितांच्या हालांची 26 मे रोजी स्वतःहून दखल घेतली. असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ई-श्रम पोर्टल ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झाले.

अन्यत्र : अमेरिकेत कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स ही संस्था 1966 पासून मुख्यतः स्पॅनिश बोलणाऱ्या शेतमजुरांसाठी काम करते. मेक्सिकोतून आलेल्या मिश्तेक व त्रिकी मजुरांना स्पॅनिशही परकी असल्याने तिला पुढे त्या भाषांचे कार्यकर्ते नेमावे लागले. पावरा-बारेला मजुरांना मराठी-हिंदीतून कायदा सांगणाऱ्यांनी हा अनुभव अवश्य पाहावा.

मुलांचे शिक्षण : ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे. शिक्षण हक्क अधिनियम 2009, कलम 5 नुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.