रोगणाची रेघ

आपल्याकडे ‘रोगण’ म्हणताच दारे-खिडक्यांवरील तकाकीच डोळ्यांपुढे येते. परंतु फारसीत ‘रोगन’ म्हणजे तेल, आणि त्याच नावाने कच्छात, भुजच्या वायव्येस वसलेल्या निरोणा गावी, खत्री कुटुंबाच्या घरी साध्या वस्त्रावर चित्र उमटविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. एरंडेल तासन्‌तास कढवून, त्याचा दाट, चिवट लगदा झाल्यावर त्यात खनिज रंग घोटावयाचे. मग तो गोळा तळहातावर घेऊन, देहाच्या उष्णतेने मऊ होताच, लोखंडी सळईने त्याची केसासारखी तार ओढीत कारागीर ती कापडावर अलगद सोडतो, आणि आश्चर्य हे की सळई वस्त्राला बहुधा स्पर्शही करीत नाही. अर्धे चित्र पुरे होताच कापड दुमडून दाबले, की उरलेल्या अर्ध्यावर त्याचे प्रतिबिंब उमटते. हाताच्या उबेवाचून जी रेघ ओढताच येत नाही, तिच्यापुढे मला साचेबंद छपाई निष्प्राण वाटते.

तरीही याच छपाईने तिचा घास घेतला. पशुपालक व शेतकरी स्त्रियांचे घागरे, ओढण्या, वधूचा आहेर यांवर पोसलेला हा धंदा गिरणीच्या स्वस्त कापडापुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षीण झाला. अब्दुल गफूर खत्री यांनी तो चिकाटीने सावरला; 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विवाहाबरोबर विद्या परघरी जाईल या भयाने ज्या मुलींना ती पूर्वी शिकविली जात नसे, त्या आता निरोण्यात तळहातावर रंग घेऊन बसतात.