वेग दुप्पट, तर जोर किती पट?

एक गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे. तितक्याच वजनाची दुसरी गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे. दुसरीचा वेग पहिलीच्या दुप्पट. मग दुसरीच्या अंगी असलेला 'जोर' पहिलीच्या किती पट? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक मुले 'दुप्पट' म्हणतील. नववी-दहावीतली एखादी मुलगी गतिज ऊर्जेचे सूत्र आठवून 'चौपट' म्हणेल. पण 'कशावरून?' असे विचारले की दोन्ही बाजू गप्प होतात.

या प्रश्नाने फक्त मुलेच गोंधळतात असे नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे पन्नास-साठ वर्षे युरोपातले नामवंत गणिती आणि तत्त्वज्ञ याच प्रश्नावर एकमेकांशी भांडत होते. एक पक्ष म्हणे दुप्पट, दुसरा म्हणे चौपट. आज आपण संवेग आणि गतिज ऊर्जा या दोन्ही राशी शिकवतो, मुले दोन्हींची सूत्रे पाठ करतात. पण गती मोजायला दोन मापे का लागतात, एकाने का भागत नाही, हा प्रश्न सहसा वर्गात येतच नाही. त्याचे उत्तर या जुन्या भांडणात आहे.

देकार्तचा हिशोब

रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४४ साली 'तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. ईश्वराने विश्व निर्माण करताना त्यात जेवढी गती घातली तेवढीच ती कायम राहते, असे त्याने त्यात मांडले. गतीचे माप त्याने असे ठरवले: वस्तूचे आकारमान गुणिले तिचा वेग. वस्तुमानाची आजची कल्पना तेव्हा स्पष्ट नव्हती; आपण सोयीसाठी 'वस्तुमान गुणिले वेग' म्हणू. या मापाने दुप्पट वेगाच्या गाडीचा जोर दुप्पट ठरतो.

देकार्तच्या हिशोबात एक मोठी उणीव होती. त्याने दिशा विचारात घेतली नव्हती. ओल्या मातीचे दोन सारखे गोळे सारख्याच वेगाने समोरासमोर आदळले की एकमेकांना चिकटून जागच्या जागी थांबतात. दोघांची गती नुसती मिळवली तर ती आधी बरीच होती आणि नंतर शून्य झाली. म्हणजे ती कायम राहिली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ साली टकरींचे नियम मांडण्याचे आवाहन केले. त्याला उत्तर देणाऱ्यांत डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स होता. उलट दिशेची गती उणे धरली तर देकार्तचा हिशोब जुळतो, हे त्याच्या मांडणीत आले. याशिवाय आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. टणक, एकमेकांवरून उसळणाऱ्या गोळ्यांच्या टकरीत 'वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग' यांची बेरीजही टकरीआधी आणि टकरीनंतर सारखीच राहते.

लायब्निट्सचा आक्षेप

गॉटफ्रीड लायब्निट्स या जर्मन गणितज्ञाने १६८६ साली देकार्तवर थेट हल्ला चढवला. त्याचा युक्तिवाद फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येतो. मोजमापे आपली घेऊ.

१ किलोचे वजन ४ मीटर उचलायचे किंवा ४ किलोचे वजन १ मीटर उचलायचे, तर कष्ट सारखेच पडतात. कारण ४ किलोचे वजन १ मीटर उचलणे म्हणजे १ किलोचे चार तुकडे प्रत्येकी १ मीटर उचलणे. हे देकार्तच्या अनुयायांनाही मान्य होते. आता दोन्ही वजने तेवढ्याच उंचीवरून खाली सोडा. खाली पोहोचताना दोघांच्या अंगी सारखाच जोर असला पाहिजे. पण गॅलिलिओच्या नियमानुसार चौपट उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग फक्त दुप्पट होतो. तेव्हा १ किलोच्या वजनाचा वेग २ मानला तर ४ किलोच्या वजनाचा वेग १. देकार्तच्या मापाने पहिल्याचा जोर १ × २ = २ आणि दुसऱ्याचा ४ × १ = ४. हे सारखे नाहीत. वेगाचा वर्ग घेतला तर पहिल्याचा १ × ४ = ४ आणि दुसऱ्याचाही ४ × १ = ४.

म्हणजे जोराचे खरे माप 'वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग', असे लायब्निट्सने ठरवले. पुढे या राशीला त्याने 'जिवंत बल' असे नाव दिले.

देकार्तवाद्यांनी लगेच उलट प्रश्न केला: वेळेचे काय? चौपट उंचीवरून पडायला वेळही दुप्पट लागतो. मग वेळेचा विचार न करता नुसती उंची मोजणे कुठला न्याय? हा आक्षेप पोकळ नव्हता. खरे तर भांडणाचे मूळ त्यातच दडले होते. पण ते ओळखायला अजून बरीच वर्षे जायची होती.

मातीचा निकाल

हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठातला प्राध्यापक विलेम ग्राव्हेसांदे हा न्यूटनचा मोठा चाहता. न्यूटनचे बहुतेक अनुयायी 'दुप्पट' म्हणणाऱ्यांच्या बाजूचे होते, आणि ग्राव्हेसांदेही सुरुवातीला त्यांच्यातच होता. त्याने सारख्या आकाराचे पण निरनिराळ्या वजनांचे पितळी गोळे मऊ मातीवर सोडून पाहिले. गोळा जितका हलका तितक्या पटीने उंची जास्त ठेवली की मातीत पडणारे खड्डे अगदी सारखे येतात, असे त्याला दिसले. हा निकाल लायब्निट्सच्या बाजूचा होता. ग्राव्हेसांदेने १७२२ साली तो प्रसिद्ध केला आणि स्वतःचे मत बदलले. इटलीतल्या पादुआच्या पोलेनीने त्याआधी, १७१८ साली, अशाच प्रयोगाचा असाच निष्कर्ष छापला होता.

या प्रयोगातली खुबी मुलांना जरूर दाखवावी. खड्डा दुप्पट झाला की चौपट, हे मोजणे कठीण; कारण गोल खड्ड्याची खोली आणि त्यातून हललेली माती एकाच प्रमाणात वाढत नाहीत. ग्राव्हेसांदेने तो प्रश्नच टाळला. खड्डे सारखे आहेत की नाहीत एवढेच त्याला पाहायचे होते.

हा प्रयोग शाडूच्या मातीवर शाळेतही करता येतो. एक काचेची गोटी आणि तेवढ्याच आकाराचा बेअरिंगमधला पोलादी छर्रा घ्या. पोलादाची घनता काचेच्या सुमारे तिप्पट, म्हणजे छर्रा गोटीच्या सुमारे तिप्पट जड. मळून सपाट केलेल्या मातीवर छर्रा ३० सेंटिमीटरवरून सोडा. आता गोटी किती उंचीवरून सोडली म्हणजे तसाच खड्डा पडेल? लायब्निट्सच्या मापाने तिप्पट उंची, म्हणजे ९० सेंटिमीटर. देकार्तच्या मापाने गोटीचा वेग तिप्पट हवा, आणि त्यासाठी उंची नऊपट, म्हणजे २७० सेंटिमीटर. दोन उत्तरांत इतका फरक आहे की निवाडा करायला काटेकोर उपकरण लागत नाही. प्रयोग करण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यावेत.

एमिलीची बाजू

प्रयोगानेही वाद मिटला नाही. इंग्लंडातले न्यूटनवादी आणि फ्रान्समधले देकार्तवादी आपापल्या मतावर ठाम राहिले. फ्रान्समध्ये लायब्निट्सची बाजू जोरकसपणे मांडली ती एका स्त्रीने, एमिली द्यु शातले हिने. तिचा जन्म १७०६ सालचा. स्त्रियांना तेव्हा विज्ञान अकादमीचे सदस्यत्व नव्हते. गणित ती घरीच, शिक्षक नेमून शिकली. आपल्या किशोरवयीन मुलासाठी म्हणून तिने लिहिलेले भौतिकशास्त्राचे पुस्तक १७४० साली पॅरिसमध्ये निघाले. त्याच्या शेवटच्या प्रकरणात तिने अकादमीचा वजनदार सदस्य मेराँ याच्या 'दुप्पट'वादी निबंधावर कठोर टीका केली होती. आधी तिला स्वतःलाही मेराँचे म्हणणे पटले होते. लायब्निट्सचे लेखन अभ्यासल्यावर तिचे मत बदलले.

तिने पुस्तकात वापरलेले एक उदाहरण हर्मान या गणितज्ञाचे आहे. १ वस्तुमानाचा टणक गोळा २ वेगाने येऊन ३ वस्तुमानाच्या स्थिर गोळ्यावर आदळतो. मोठा गोळा १ वेगाने पुढे जातो, लहान गोळा १ वेगाने मागे फिरतो. आता तिन्ही हिशोब करा. देकार्तप्रमाणे दिशा न पाहता टकरीआधी १ × २ = २, नंतर ३ + १ = ४. म्हणजे गती आपोआप दुप्पट झाली! दिशा धरली तर नंतर ३ − १ = २, हिशोब जुळला. वेगाचा वर्ग घेतला तर आधी १ × ४ = ४, नंतर ३ + १ = ४; हाही जुळला. एकाच टकरीत दोन वेगवेगळ्या राशी कायम राहिल्या.

१७४१ साली मेराँ अकादमीचा सचिव झाला आणि त्याने एमिलीला छापील पत्राने उत्तर दिले. काही आठवड्यांत तिनेही छापील प्रत्युत्तर दिले. तिच्याबरोबर राहणारा लेखक व्होल्तेअर या वादात मेराँच्या बाजूचा होता! मातीवर गोळे टाकण्याचा प्रयोग एमिलीनेच केला असे कधी कधी वाचायला मिळते. ते बरोबर नाही. तो प्रयोग ग्राव्हेसांदेचा. दुसऱ्यांचे प्रयोग आणि युक्तिवाद पारखून घेणे आणि चूक वाटेल तिथे अकादमीच्या सचिवालाही ठामपणे उत्तर देणे, हे एमिलीचे काम. पुढे न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चे फ्रेंच भाषांतर तिने पुरे केले आणि १७४९ साली, बाळंतपणानंतर काही दिवसांतच, ती वारली. तिचे भाषांतर १७५९ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले.

दोन्ही बरोबर कसे?

दालाँबेर या फ्रेंच गणितज्ञाने १७४३ सालच्या आपल्या ग्रंथात हा सगळा शब्दांचा वाद असल्याचे म्हटले. त्याच्या म्हणण्याने भांडण तिथल्या तिथे थांबले नाही. पण हळूहळू उलगडा होत गेला तो असा.

चालती वस्तू एकसारखे बल लावून थांबवायची आहे. आपण दोन प्रश्न विचारू शकतो: ती किती वेळाने थांबेल? आणि किती अंतर जाऊन थांबेल? पहिल्याचे उत्तर:

बल × वेळ = वस्तुमान × वेग

आता अंतर काढू. थांबताना वेग सारख्या गतीने शून्यावर येतो, म्हणून सरासरी वेग सुरुवातीच्या निम्मा. अंतर म्हणजे निम्मा वेग गुणिले वेळ. म्हणून वरच्या ओळीला दोन्ही बाजूंनी निम्म्या वेगाने गुणले की दुसरे उत्तर मिळते:

बल × अंतर = १/२ × वस्तुमान × वेगाचा वर्ग

पहिल्या ओळीतला 'वस्तुमान गुणिले वेग' हा आपला संवेग. दुसऱ्या ओळीत उजवीकडे आहे ती गतिज ऊर्जा. देकार्तवादी वेळ मोजत होते, लायब्निट्स अंतर मोजत होता, आणि दोघेही आपल्या मापाला 'बल' हे एकच नाव देत होते. 'ऊर्जा' या अर्थाचा शब्द थॉमस यंगने १८०७ साली छापलेल्या व्याख्यानांत वापरला. सूत्रातला तो निम्मा, जो मुलांना उगाच आल्यासारखा वाटतो, गास्पार कोरिओलिसने १८२९ साली यंत्रांवरच्या ग्रंथात रूढ केला, कारण त्यामुळे गतिज ऊर्जा आणि कार्य यांचे आकडे थेट जुळतात.

मातीच्या दोन गोळ्यांचे कोडे मात्र उरलेच. ते एकमेकांना चिकटून थांबले तेव्हा त्यांचे 'जिवंत बल' कुठे गेले? लायब्निट्सचे म्हणणे होते की ते नाहीसे होत नाही, वस्तूच्या सूक्ष्म कणांत वाटले जाते. मोठे नाणे मोडून चिल्लर घ्यावी तसे. त्याच्याजवळ याचा पुरावा नव्हता. पुरावा मिळायला १८४०चे दशक उजाडावे लागले. तेव्हा जेम्स जूलने पाणी घुसळून, खर्ची पडलेल्या कार्याच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते हे मोजून दाखवले.

रस्त्यावरचा हिशोब

आता सुरुवातीच्या दोन गाड्यांकडे येऊ. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. ब्रेक लावल्यावर दोन्हींचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो असे धरू. पहिली गाडी २ सेकंदांत थांबेल, दुसरी ४ सेकंदांत. वेळ दुप्पट. पण पहिली १० मीटर जाऊन थांबेल आणि दुसरी ४० मीटर जाऊन. अंतर चौपट. रस्त्यावर माणूस वाचतो की नाही, हे या अंतरावर ठरते.

समजा, गाडीपुढे ३० मीटरवर एक मूल अचानक रस्त्यात आले. चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला. पहिली गाडी त्या सेकंदात १० मीटर आणि नंतर ब्रेक लागून १० मीटर जाईल. मुलापासून १० मीटर अलीकडे ती उभी राहील. दुसरी गाडी त्या एका सेकंदातच २० मीटर जाईल. ब्रेकसाठी तिला उरले फक्त १० मीटर. तेवढ्या अंतरात तिचा वेग ताशी ७२ वरून किती खाली येईल? मुलांना अंदाज करू द्या, मग गतीच्या समीकरणाने काढायला सांगा. उत्तर येते ताशी सुमारे ६२ किलोमीटर. ज्या मुलापासून १० मीटर अलीकडे पहिली गाडी पूर्ण थांबलेली असेल, त्या मुलापर्यंत दुसरी गाडी याच वेगाने पोहोचेल. उत्तर आले की ते फळ्यावर लिहून शेजारी दोन्ही सूत्रे मांडावीत, आणि वेळ कुठल्या सूत्रातून आला, अंतर कुठल्या सूत्रातून आले, हे मुलांनाच सांगू द्यावे.