बिअर, प्रारंभीच्या अमेरिकेतील

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील यूरोपीय वसाहतींत सतराव्या शतकापासून रोजच्या आहारात असलेले आंबवलेले पेय. प्यूरिटन कुटुंबांतही सौम्य बिअर जेवणासोबत घेत. न्यू अ‍ॅम्स्टरडॅममधील (सध्याचे न्यूयॉर्क) एक रस्ता डच बिअरउत्पादकांच्या नावानेच ओळखला जाई.

बार्ली व हॉप्स यांचा तुटवडा असल्याने हाताशी असेल त्यापासून बिअर केली जाई. सॅसाफ्रास किंवा पाइन घालून उकळलेल्या मळीच्या बिअरची नोंद विल्यम पेनने १६८५ मध्ये केली आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७५७ च्या वहीतील कृतीत कोंडा, हॉप्स व मळी हे घटक आहेत. ही मळी मुख्यतः वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या ऊसमळ्यांतून येई. घरची बिअर बहुधा स्त्रिया, नोकर किंवा गुलाम बनवीत. टॉमस जेफर्सनच्या माँटिसेलो येथील बिअर पीटर हेमिंग्ज हा गुलाम तयार करी.

मार्च १६२१ मध्ये प्लिमथ वसाहतीत आलेल्या सामोसेट या मूलनिवासी पाहुण्याने बिअर मागितली. त्याला मद्यार्क व बिस्किटे देण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच वाम्पानोआग प्रमुख मॅसासॉइटशी शांततेचा करार झाला. पुढे मूलनिवासींशी होणाऱ्या व्यापारात व वाटाघाटींत रमचा वापर वाढला. बिअर वजनाला जड व नासणारी होती. रम मात्र दूरवर नेता येई व टिके.

चांगल्या प्रतीची बिअर इंग्लंडहून येत असल्याने ती राजकीय प्रश्न बनली. १७६९ मध्ये व्हर्जिनियात ब्रिटिश मालावर घातलेल्या बहिष्काराच्या यादीत बिअर, एल व माल्ट यांचा समावेश होता. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर १७७५ मध्ये वसाहतींच्या काँग्रेसने आपल्या सैनिकाच्या दैनिक शिध्यात एक क्वार्ट (सु. ०.९५ लिटर) स्प्रूस बिअर किंवा सायडर मंजूर केले. आपल्या घरी फक्त अमेरिकी पोर्टर (गडद रंगाची बिअर) वापरतो, असे वॉशिंग्टनने १७८९ मध्ये फ्रेंच सेनानी लाफायेतला कळवले. त्याच वर्षी आयात बिअरवर पिंपातून आल्यास गॅलनमागे ५ सेंट व बाटल्यांतून आल्यास डझनामागे २० सेंट जकात बसवण्यात आली, तर मॅसॅचूसेट्सने मोठ्या उत्पादकांना पाच वर्षे करमाफी दिली. तरीही स्वस्त सायडर, रम व व्हिस्की यांच्यापुढे बिअरचा धंदा मर्यादितच राहिला. १८४० नंतर जर्मन स्थलांतरितांनी लागर बिअर आणल्यावर कारखानदारी उत्पादन झपाट्याने वाढले.