लोणीचा ऊस आणि मुंबईचा स्विच : अंतराचे पैसे कोण भरतो?

१/ ऊस तोडला की त्याचे घड्याळ सुरू होते. साधारण २४ तासांत गाळप झाले नाही, तर वजन घटते आणि साखरेचा उतारा कमी पडतो. म्हणून कारखाना उसाजवळ असावा लागतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याने हे गणित स्वातंत्र्याच्या सुमारास सोडवले. जवळजवळ तेच गणित २००३ साली भारतीय इंटरनेटपुढे उभे राहिले. या दोन गणितांचा हा इतिहास.

२/ १९२६ साली अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. परंतु उसाचे पुढे काय करायचे, हे शेतकऱ्याच्या हाती नव्हते. गुऱ्हाळ घातले तर गुळाचा भाव बाजारपेठेतील व्यापारी ठरवीत. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळाले, तेव्हा कालव्याच्या पट्ट्यात फायदा झाला तो प्रामुख्याने खाजगी कारखान्यांचा. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन कंपन्या स्वतःच ऊस पिकवू लागल्या. जमीन शेतकऱ्याची होती. ज्या फाटकातून मालाला मोल येई, ते फाटक मात्र दुसऱ्याचे होते.

३/ लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्येच गावात सहकारी पतपेढी उभी केली होती. १९४५ मध्ये दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. सहकारी साखर कारखान्याची कल्पना तेथून आकाराला आली आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याचे गाळप सुरू झाले. गाडगीळ या कारखान्याचेही पहिले अध्यक्ष.

४/ या कारखान्यामागे भावना होती, तसा हिशेबही होता. चार-पाच एकर ऊस असलेला कोणीही एकटा कारखाना काढू शकत नाही. हजारो जण मिळून काढू शकतात. मात्र त्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. कारखाना जवळ हवा. तो कोणा एका बड्याच्या मालकीचा नको. आणि गाळपाला पुरेसा ऊस हवा. या तीन अटी लक्षात ठेवाव्यात. पुढची सारी कथा त्यांच्यावरच उभी आहे.

५/ आता इंटरनेटकडे. इंटरनेट म्हणजे एक जाळे नव्हे. हजारो स्वतंत्र कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडून ते बनते. जुन्या दूरध्वनीत गावातल्या गावात लावलेला फोन गावच्याच एक्स्चेंजमध्ये जोडला जाई. परगावी बोलायचे असेल तरच ट्रंक कॉल लावावा लागे. इंटरनेटमध्ये मात्र दोन शेजारी दोन वेगळ्या कंपन्यांचे ग्राहक असतील, तर त्या कंपन्या जेथे एकमेकींना भेटतात तेथपर्यंत प्रत्येक संदेशाला जावे लागते. मग ती जागा कितीही दूर असो.

६/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. प्रत्येक कंपनीने परदेशाशी जोडणी विकत घेतली. परस्परांशी जोडणी करण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही. परिणामी मुंबईतल्या एका कार्यालयातून समोरच्या इमारतीत पाठवलेली ई-मेल अमेरिकेला जाऊन परत येऊ लागली.

७/ अभियंते या प्रकाराला ‘ट्रॉम्बोन’ म्हणतात. त्या वाद्याची नळी लांब बाहेर जाते आणि वळून पुन्हा वादकाजवळ येते, तसाच हा प्रवास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिका हे अंतर १३ हजार किलोमीटर धरले, तर प्रश्न पोहोचून उत्तर येईपर्यंत केवळ प्रवासातच पाव सेकंद जातो. शिवाय समुद्राखालच्या महागड्या केबलचे भाडे दोन्ही बाजूंना भरावे लागते. माल गावचा, गिऱ्हाईकही गावचे आणि हमाली मात्र सातासमुद्रापारची!

८/ यावरचा उपाय दिसायला अगदी साधा आहे. एक सुरक्षित खोली, अखंड वीज आणि एक मोठा स्विच. प्रत्येक कंपनीने आपली एक तार तेथे आणायची आणि स्थानिक डेटाची तिथल्या तिथे देवाणघेवाण करायची. हेच ‘इंटरनेट एक्स्चेंज’. ब्रिटनमधील पाच कंपन्यांनी १९९४ मध्ये लंडनला असे एक्स्चेंज उभारले. ते सभासदांच्याच मालकीचे होते. नगर जिल्ह्याच्या भाषेत सांगायचे, तर ती एक सहकारी संस्थाच होती.

९/ विकसनशील देशांत हा उपाय सहजासहजी पचला नाही. केनियातील कंपन्यांनी नोव्हेंबर २००० मध्ये नैरोबीत एक्स्चेंज सुरू केले. तेथील सरकारी दूरसंचार कंपनीने मक्तेदारीचा भंग झाल्याची तक्रार केली आणि नियामकाने काही दिवसांतच ते बंद पाडले. अंतरावर ज्याचा धंदा चालतो, त्याला जवळीक परवडत नाही. सुमारे सव्वा वर्षाच्या झगड्यानंतर, फेब्रुवारी २००२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

१०/ त्याचे फळ काय? ‘इंटरनेट सोसायटी’च्या २०१२ मधील अभ्यासानुसार केनियात स्थानिक डेटाला लागणारा वेळ २०० ते ६०० मिलिसेकंदांवरून २ ते १० मिलिसेकंदांवर आला. परदेशी जोडणीच्या खर्चात वर्षाला १४ लाख डॉलरहून अधिक बचत होऊ लागली. एक्स्चेंजची व्यापारी बाजू ती हीच : खर्च एका खोलीचा, बचत साऱ्या देशाची.

११/ भारतात जून २००३ मध्ये ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ म्हणजेच ‘निक्सी’ ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. नोएडा, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता येथे तिची केंद्रे उघडली. पहिली अट पुरी होण्याच्या मार्गाला लागली. पण खरी ठेच पुढच्या दोन अटींशी लागली.

१२/ निक्सीचा सुरुवातीचा नियम असा होता की, जी कंपनी पाठवते त्यापेक्षा अधिक डेटा घेते, तिने फरकाचे पैसे भरायचे. लहान कंपन्यांचे ग्राहक मुख्यतः डेटा घेणारेच; त्यामुळे भार त्यांच्यावरच पडे. त्यातच प्रवेश होता फक्त परवानाधारक इंटरनेट कंपन्यांना. ज्यांच्याकडे लोकांना हवा असलेला मजकूर होता, त्यांना दार बंद. कारखाना उभा राहिला, पण ऊस आणणाऱ्यालाच फाटकावर अडवले! पुढे मुंबईत मजकूर पुरवणाऱ्यांनाही सामावून घेणारी खाजगी एक्स्चेंजे वाढली, त्यामागे हेही एक कारण होते.

१३/ मग असे एक्स्चेंज अहिल्यानगरलाही हवे का? येथे हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. मुंबई सुमारे २५० किलोमीटरवर. तेथे जाऊन येण्यास प्रकाशाला अडीच-तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे वेळेचा मुद्दा येथे लंगडा आहे. उरतात दोन मुद्दे : मुंबईपर्यंतच्या तारेचे भाडे, आणि ती तार तुटली तर गावातल्या गावातला व्यवहारही ठप्प होण्याचा धोका. तालुक्याच्या लहान इंटरनेट व्यावसायिकाला हे दोन्ही मुद्दे जाणवतात.

१४/ पण तिसरी अट पुन्हा आडवी येते. लोणीचा माणूस श्रीरामपूरहून थेट किती डेटा मागवतो? फारच थोडा. तो पाहतो ते व्हिडिओ कुठल्या तरी दूरच्या संगणकावर असतात. त्या व्हिडिओंच्या प्रती, रुग्णालयांच्या नोंदी, बँकांचे व्यवहार, महाविद्यालयांचे अभ्यासक्रम जिल्ह्यात साठवले गेले, तरच येथल्या स्विचला काम मिळेल. एरवी तो उसाविना उभा राहिलेला कारखाना ठरेल. आणि तशा कारखान्याचे काय होते, हे या जिल्ह्याला कोणी सांगायला नको.

१५/ ‘आपले ते जवळ असावे’ एवढ्या हौसेपोटी प्रवरेकाठचा कारखाना उभा राहिला नव्हता. किती ऊस, किती अंतर, किती भांडवल आणि मालकी कोणाची, या चार प्रश्नांची उत्तरे आधी शोधली गेली. ऊस असो वा डेटा, हे प्रश्न बदलत नाहीत. जो समाज ते स्वतः विचारत नाही, त्याच्या वतीने दुसरा कोणी तरी उत्तरे ठरवतो आणि अंतराचे बिल मात्र त्याच समाजाकडे पाठवतो.