आवटी, मनोहर प्रल्हाद
भारतीय नौदलातील व्हाइस अ‍ॅडमिरल, 1971 च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी आणि निवृत्तीनंतर तरुण नौसैनिकांना शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेचा ध्यास लावणारे गुरू. जन्म सुरतचा. 1945 मध्ये ते तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले.

1971 मध्ये आवटी पूर्व ताफ्यातील ‘कमोर्ता’ या सोव्हिएत बनावटीच्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेचे कप्तान होते. ताफ्यातील विमानवाहू ‘विक्रांत’च्या बॉयलरला तडे गेल्याने तिचा वेग घटला होता, तिच्या रक्षणाची भिस्त अशा लहान नौकांवर होती. ‘विक्रांत’वरील विमानांनी चितगाव व कॉक्स बझारवर हल्ले चढवले आणि नाकेबंदीमुळे पूर्व पाकिस्तानातील सैन्याची समुद्राकडची वाट बंद झाली. पुढे आवटी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे आणि पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख झाले. 1983 मध्ये निवृत्त झाले.

शिवछत्रपतींनी कल्याणच्या खाडीत आरमाराची पायाभरणी केली, हे मराठी मुले शाळेत शिकतात. पण सागरी इतिहासाचा सलग अभ्यास आपल्याकडे कमीच. आवटींनी 1978 मध्ये मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली, ती या दृष्टीने मोलाची.

त्यांचे खरे मोठे काम मात्र निवृत्तीनंतरचे. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणाऱ्या आवटींनी भारतीय नाविकाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना नौदलापुढे मांडली आणि चिकाटीने तडीस नेली. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ‘म्हादेई’ ही नौका बांधली गेली. 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघालेले दोंदे चार थांबे घेऊन मे 2010 मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मोहिमेत किनाऱ्यावरून साथ देणाऱ्या अभिलाष टॉमींनी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता तीच परिक्रमा केली. दोंदे यांनी तयार केलेल्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2018 मध्ये परतल्या. आपल्या शिष्याने शिष्य घडवलेले आवटींना पाहता आले, हे शिक्षकाच्या वाट्याला क्वचितच येते.

नोव्हेंबर 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. ही परंपरा त्यांच्यामागेही चालू राहिली: टॉमींच्या हाताखाली शिकलेल्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी मे 2025 मध्ये ‘तारिणी’तून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.