'पाखंडी' ही शिवी आधी कोणाला दिली गेली?

मागे आमच्या वस्तीतल्या विहारात पोरंपोरी पोस्टर रंगवत बसली होती. एका भोंदू बाबाविरोधात मोर्चा होता. सगळ्यात ठळक अक्षरं होती, 'पाखंड हटाओ'. आम्ही विचारलं, पाखंड म्हणजे काय? उत्तर तयार होतं : ढोंग. बरोबरच आहे, आज सगळे तोच अर्थ घेतात. पण हा शब्द आपण तोंडात घेण्याआधी तो कुठून कुठे फिरून आला हे कार्यकर्त्यांनी जाणून घ्यायलाच हवं. कारण एकेकाळी या शिवीचा निशाणा आपणच होतो.

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाच्या लेखांत 'पासंड' वारंवार येतो, आणि तिथे ती शिवी नाही. पंथ, एवढाच अर्थ. गिरनारच्या १२व्या शिलालेखात राजा सांगतो की आपण सर्व पासंडांचा, त्यातल्या प्रव्रजितांचा आणि गृहस्थांचाही, सन्मान करतो. स्वतःच्या पासंडाची थोरवी गाताना आणि दुसऱ्याच्या पासंडाला नावं ठेवताना जिभेला आवर घाला, असंही बजावतो. दिल्ली-टोपरा स्तंभावरच्या ७व्या लेखात धम्ममहामात्रांनी कोणाकोणाकडे लक्ष द्यायचं ते येतं : संघ, ब्राह्मण, आजीवक, निर्ग्रंथ आणि इतर नाना पासंड. एकच रांग, त्यात ब्राह्मणही. ओडिशातल्या हाथीगुंफेच्या लेखात जैन मताचा खारवेल राजा तर सर्व पासंडांचा पूजक म्हणूनच मिरवतो.

आता मनुस्मृती उघडा. चौथ्या अध्यायात पाषंडींचा शब्दानेही सत्कार करू नये असा नियम. नवव्या अध्यायात राजाला आदेश, की जुगारी, दारूविके यांच्यासोबत पाषंडींनाही तातडीने नगराबाहेर काढावं. शब्द तोच, पण ज्याला दान मिळत होतं त्याला हद्दपारी!

विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशातली गोष्ट तर प्रत्येक अभ्यासवर्गात सांगावी अशी. विष्णू मायामोह नावाचा पुरुष निर्माण करतो. तो आधी नग्न, मग तांबडी वस्त्रं नेसून असुरांना वेदांपासून फोडतो. ही तांबडी वस्त्रं कोणाची, हे सांगायला नको. पुढे शतधनू राजाची कथा. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की उपवासाच्या दिवशी गंगास्नान करून येताना तो एका पाषंडीशी बोलला. राणीने तोंड फिरवून सूर्याकडे पाहिलं म्हणून ती वाचली. राजा मात्र कुत्रा, कोल्हा, लांडगा, गिधाड, कावळा, मोर असे जन्म घेत फिरला. नुसत्या बोलण्याची ही शिक्षा! बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवणं हा खोटा प्रचार आहे, हे बाबासाहेबांनी १९५६ साली बावीस प्रतिज्ञांत का घातलं, ते अशा कथा वाचल्या की नीट कळतं.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. पाली साहित्यातही हा शब्द नेहमी गोड नाही. संयुत्तनिकायात मार सीसुपचाला भिक्खुनीला विचारतो, तुला कोणाचा पासंड आवडतो? ती म्हणते, कोणाचाच नाही. बाहेरचे पासंड आपापल्या मतांना चिकटून बसलेत. म्हणजे 'दुसऱ्यांचे पंथ' हा नकारी सूर आपल्याकडेही होता. फरक असा, की ती त्यांच्या मतांवर बोट ठेवते, त्यांना गावाबाहेर काढा म्हणत नाही.

पुढे 'ष'चा 'ख' झाला आणि पाखंडी म्हणजे लबाड, ढोंगी हा अर्थ घरोघरी रुळला. वेगळं मत असणं आणि फसवणं यातला फरकच शब्दाने पुसून टाकला. म्हणून आमचं मत, की भोंदू बाबाला भोंदूच म्हणा. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावातसुद्धा 'पाखंड' नाही. अघोरी प्रथांची नावं मात्र स्पष्ट आहेत.

पोरांना हे सगळं पटलं असं नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांचीच शिवी त्यांना परत केली तर काय बिघडलं?" मोर्च्यात शेवटी दोन्ही पोस्टर होते, 'बुवाबाजी बंद करा' आणि 'पाखंड हटाओ'. दुसरं तिने धरलं होतं.