निवृत्तिवेतन आणि पोटगी

विभक्त वा घटस्फोटित पत्नीची आणि मुलांची पोटगी ठरवताना निवृत्तिवेतन हे पतीचे उत्पन्नच धरतात. 1871 च्या पेन्शन कायद्याचे कलम 11 त्याला जप्तीपासून वाचवते, पण ते धनकोंपासून. पत्नी धनको नव्हे. तिच्या पोटगीसाठी निवृत्तिवेतन जप्त करता येते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले आहे.

ठाणे जिल्ह्यातील उंबरमाळी, शहापूर, मुरबाड पट्ट्यात पेच वेगळा. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली या अनुसूचित जमातींना 1955 चा हिंदू विवाह कायदा सर्वसाधारणपणे लागूच होत नाही (कलम 2). म्हणून त्यातील कलम 25 ची कायम पोटगीही नाही. उरतो दंडाधिकाऱ्यांपुढचा मार्ग : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144, म्हणजे जुने 125. ते जात-धर्म पाहत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. निवृत्तिलाभ त्यात दडवता येत नाहीत, निदान कागदोपत्री तरी.

निवृत्तीने उत्पन्न घटल्यास पतीला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली पोटगी कमी करून मागता येते. त्याच्या मृत्यूनंतर सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन घटस्फोटितेला मिळत नाही. मुले मात्र ठरावीक वयापर्यंत पात्र असतात.